कार्ल टेर्झागी

टेर्झागी, कार्ल : (२ ऑक्टोबर १८८३–२५ ऑक्टोबर १९६३). ऑस्ट्रियात घडलेले आणि पुढे अमेरिकेचे नागरिक झालेले स्थापत्य अभियंता व प्राध्यापक. मृदा यामिकी, म्हणजे भाराखाली आणि पाण्यासह माती कशी वागते याचा अभ्यास करणारा आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘सॉइल मेकॅनिक्स’ या नावाने शिकवला जाणारा विषय, शास्त्र म्हणून उभा राहिला तो प्रामुख्याने त्यांच्यामुळे. इस्तंबूल, एमआयटी (अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्था), व्हिएन्ना आणि हार्वर्ड येथे त्यांनी अध्यापन केले. पण त्यांचा निम्मा जीव कायम धरणांच्या आणि बोगद्यांच्या कामांवर असे.

त्यांचा जन्म प्राग येथे, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील एका अधिकाऱ्याच्या घरी झाला. शालेय शिक्षण लष्करी निवासी शाळांत झाले. १९०० मध्ये त्यांनी ऑस्ट्रियातील ग्राट्स शहराच्या तंत्रविद्यालयात प्रवेश घेतला तो यंत्र अभियांत्रिकीसाठी. तिथे अभ्यासापेक्षा दंगाच जास्त झाला आणि नाव काढून टाकण्यापर्यंत पाळी आली होती. १९०४ मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतरच्या सक्तीच्या लष्करी सेवेच्या वर्षात त्यांनी भूशास्त्राच्या एका इंग्रजी पुस्तिकेचा जर्मन अनुवाद केला. यंत्रांपेक्षा दगडमातीकडे ओढ आहे हे तेव्हाच स्पष्ट झाले असावे. पुढे व्हिएन्नातील एका बांधकाम कंपनीत नोकरी, क्रोएशिया व रशियातील कामे आणि १९१२ मध्ये ग्राट्सची डॉक्टरेट, असा क्रम लागला.

डॉक्टरेटनंतर ते अमेरिकेला गेले. पश्चिम अमेरिकेत तेव्हा मोठमोठी धरणे बांधली जात होती. कोणत्या जमिनीवर कोणते बांधकाम टिकले आणि कोणते खचले याच्या नोंदी पुरेशा जमवल्या तर त्यातून नियम निघतील, अशी त्यांची कल्पना होती. नोंदी जमल्या, नियम काही निघाला नाही. कारण ‘वाळू’, ‘चिकणमाती’ ही नावे फार ढोबळ होती. एकाच नावाच्या दोन माती भाराखाली अगदी वेगळ्या वागत. मातीचे नाव नव्हे, तिचे वागणे मोजले पाहिजे, हा धडा त्यांनी या फसलेल्या दौऱ्यातून घेतला. १९१३ च्या अखेरीस ते निराश होऊनच परतले.

पहिल्या महायुद्धात काही काळ सैन्यात काढल्यावर, १९१६ मध्ये इस्तंबूलच्या शाही अभियांत्रिकी विद्यालयात त्यांची नेमणूक झाली. ऑस्ट्रिया व तुर्कस्तान युद्ध हरल्यावर ती नोकरी गेली. तेव्हा त्याच शहरातील अमेरिकन संस्थेने, रॉबर्ट कॉलेजने, त्यांना शिकवायला घेतले. पगार बेताचा, प्रयोगशाळा नावालाही नाही. कॉलेजचे भंगार आणि हाताशी सापडलेल्या साध्यासुध्या वस्तू यांतून त्यांनी उपकरणे जुळवली आणि मातीचे नमुने दाबून, भिजवून, पाणी काढून मोजायला सुरुवात केली. इस्तंबूलमधली ही वर्षे हाच त्यांच्या आयुष्याचा गाभा म्हणायला हवा. नंतरची पदे आणि पदके मोठी असली तरी मूळ विचार इथलाच.

तो विचार घरातल्या उदाहरणाने चटकन कळतो. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून वर पाटा ठेवला, की दही लगेच दाबले जात नाही. पहिल्या क्षणी वजन आतले पाणीच पेलते. पाणी फडक्यातून झिरपू लागते तसतसा भार घट्ट कणांवर येतो आणि चक्का बसत जातो. पाण्याने पूर्ण भरलेल्या चिकणमातीच्या थरावर इमारत उभी राहिली की हेच होते, फक्त माती पाणी फार सावकाश सोडते. म्हणून इमारत महिनोन्‌महिने, कधी दशकानुदशके खचत राहते. टेर्झागींनी स्वतः हे समजावताना पाण्याने भरलेले नळकांडे, त्यात स्प्रिंग आणि वर बारीक छिद्राचा दट्ट्या, अशी आकृती वापरली.

यातून निघालेले तत्त्व दोन ओळींचे आहे. मातीवरील एकूण ताणातून, म्हणजे दर एकक क्षेत्रफळावरील भारातून, तिच्या छिद्रांतील पाण्याचा दाब वजा केला की उरतो तो परिणामी ताण, म्हणजे ‘इफेक्टिव्ह स्ट्रेस’. आणि मातीची बळकटी व तिचे आकुंचन या उरलेल्या ताणावर ठरते. पावसाळ्यात उतार का घसरतात याचे उत्तरही यातच आहे : पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरील पकड ढिली पडते. खचण्याच्या वेगाचे गणित, म्हणजे ‘कन्सॉलिडेशन’चा सिद्धांत, त्यांनी १९२३ मध्ये मांडला. पाण्याला बाहेर पडायचे अंतर निम्मे केले की वेळ एक-चतुर्थांश होतो, हा त्याचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष. न्हावा-शेवा व नवी मुंबईच्या खाडीकाठच्या मऊ चिखलात उभे निचरे खोचून पाण्याची बाहेरची वाट आखूड करतात व वर भराव टाकतात, त्यामागे हेच गणित आहे.

१९२५ मध्ये व्हिएन्नात त्यांचा मातीच्या यामिकीवरील जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी एमआयटीचे बोलावणे आले. तिथे आर्थर कॅसाग्रांडे हा तरुण ऑस्ट्रियन अभियंता त्यांचा सहायक झाला; पुढे तोही या विषयातला थोर प्राध्यापक ठरला. १९२९ मध्ये टेर्झागी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात परतले. १९३० मध्ये त्यांनी रूथ डॉगेट या अमेरिकन भूवैज्ञानिकेशी विवाह केला.

व्हिएन्नातील वर्षांवर एका कडवट वादाची सावली आहे. त्याच विद्यापीठातील यामिकीचे प्राध्यापक पॉल फिलुंगर यांनी १९३६ मध्ये पुस्तिका छापून टेर्झागींच्या शास्त्रावर आणि त्यांच्या प्रामाणिकपणावरही हल्ला चढवला. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. निकाल आपल्या विरुद्ध जातो आहे हे दिसल्यावर, मार्च १९३७ मध्ये फिलुंगर व त्यांच्या पत्नीने आयुष्य संपवले. वैयक्तिक आरोप अन्यायाचेच होते. पण सच्छिद्र पदार्थांविषयी फिलुंगरांनी मांडलेले समीकरण पुढच्या काळात महत्त्वाचे मानले गेले, हेही नोंदवले पाहिजे. या वादाकडे केवळ शहाणा विरुद्ध माथेफिरू अशा नजरेने पाहणे बरोबर नाही.

१९३६ मध्येच हार्वर्डला मृदा यामिकीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथून उभ्या राहिलेल्या संघटनेचे अध्यक्षपद टेर्झागींकडे १९५७ पर्यंत होते. १९३८ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले, हार्वर्डला शिकवू लागले आणि १९४३ मध्ये नागरिक झाले. याच काळात शिकागोची भुयारी रेल्वे मऊ चिकणमातीतून खणली जात होती. सल्ला द्यायचा तर कामावरच मातीची प्रयोगशाळा हवी, असा त्यांचा आग्रह होता. तिचे काम राल्फ पेक या तरुण अभियंत्याकडे आले. बोगदा पुढे सरके तसे वरचे रस्ते किती खचतात हे मोजायचे आणि त्यानुसार खोदाईची रीत बदलायची, असा खाक्या होता. पेक यांनीच पुढे या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप दिले. दोघांनी मिळून लिहिलेले पाठ्यपुस्तक १९४८ मध्ये आले.

त्याआधी, १९४३ च्या त्यांच्या सैद्धांतिक ग्रंथात, पायाच्या भारक्षमतेचे सूत्र आहे. मातीची चिकटपकड, पायाची खोली आणि पायाची रुंदी यांसाठी एकेक, अशी त्यात तीन पदे. स्थापत्याच्या पदवीधराला टेर्झागी आठवतात ते बहुधा या सूत्रामुळे, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले म्हणून.

१९५३ मध्ये ते हार्वर्डमधून निवृत्त झाले. इजिप्तच्या आस्वान उच्च धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते. प्रकल्प सोव्हिएत अभियंत्यांकडे गेल्यावर मतभेद होऊन १९५९ मध्ये त्यांनी ते पद सोडले. अमेरिकन स्थापत्य अभियंता संस्थेचे नॉर्मन पदक त्यांना चार वेळा मिळाले. मॅसॅच्युसेट्समधील विंचेस्टर येथे त्यांचे निधन झाले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मिशन धरण, दबणाऱ्या मऊ मातीवर उभारलेले आणि त्यांच्या कठीण कामांपैकी एक, १९६५ पासून टेर्झागी धरण या नावाने ओळखले जाते.