शून्य हाही ‘वापर’च का? अमेरिकी शहरांच्या गॅसनियमांची पार्श्वभूमी

जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने नव्या इमारतींत नैसर्गिक वायूची नळजोडणी घ्यायला मनाई केली. असा नियम करणारे अमेरिकेतले ते पहिलेच शहर. शेगडी किंवा गिझर विकण्यावर त्यात बंदी नव्हती, आणि जुन्या घरांना तर हातही लावलेला नव्हता. नव्या इमारतीत गॅसचा पाइप न्यायचा नाही, एवढेच. पुढची सगळी कोर्टबाजी मात्र या ‘एवढेच’भोवती फिरली.

नव्या जोडण्या नाकारणे अमेरिकेत नवे नव्हते. १९७० च्या दशकात तुटवड्यामुळे अनेक राज्यांत गॅस कंपन्यांनीच नवे ग्राहक घेणे थांबवले होते. तेव्हा प्रश्न पुरवठ्याचा होता, हवामानाचा नव्हता. त्याच टंचाईच्या काळात, १९७५ मध्ये, ऊर्जाबचतीचा संघीय कायदा आला आणि पुढे बर्कलीला अडवले ते त्यानेच.

कळीचे कलम १९८७ च्या दुरुस्तीने घट्ट झाले. ऐंशीच्या दशकात केंद्र सरकार घरगुती उपकरणांनी किती ऊर्जा खर्चावी याची मानके ठरवायला टाळाटाळ करत होते, म्हणून राज्ये आपापली मानके आणू लागली. एकाच फ्रिजला दर राज्यात वेगळा नियम नको, म्हणून उत्पादकांनी देशभर एकच मानक मागितले. ज्या उपकरणाला संघीय मानक आहे, त्याच्या ‘ऊर्जावापरासंबंधी’ राज्याने किंवा शहराने वेगळा नियम करू नये, असे ठरले. ऊर्जावापर म्हणजे उपकरण वापराच्या जागी थेट खर्च करते ती ऊर्जा, अशी व्याख्याही कायद्यात आहे.

या व्याख्येवरच सगळे अडले. उपाहारगृहचालकांच्या संघटनेने शहराला कोर्टात खेचले. खालच्या न्यायालयाने २०२१ मध्ये शहराच्या बाजूने कौल दिला, पण एप्रिल २०२३ मध्ये अपिलात तो फिरला. अपील न्यायालयाचे म्हणणे असे: पाइपच नसेल तर गॅसच्या शेगडीचा वापर शून्यावर येतो, शून्य हीसुद्धा एक मात्राच, म्हणजे शहराने वापराचेच नियमन केले.

मला हा अर्थ ओढून ताणून काढल्यासारखा वाटतो. मानक ठरते ते उपकरणाच्या रचनेवरून, चाचणीत मोजून. इमारतीत पाइप आहे की नाही, याने तो आकडा बदलत नाही. कारखान्यातून निघालेली शेगडी तीच राहते. अर्थात दुसऱ्या बाजूचा मुद्दाही पोकळ नाही. मानकात बसणारे उपकरण कुठे लावताच येणार नसेल, तर एकसमान कायद्याने उत्पादकाला दिलेले संरक्षण कागदावरच उरते. तरीही रस्त्याखालून कोणती वाहिनी न्यायची हा शहरांचा जुना अधिकार एका शब्दाच्या जोरावर जावा, हे मनाला पटत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये त्याच अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे फेरसुनावणी नाकारली गेली आणि त्याच वर्षी बर्कलीने माघार घेतली. निकालानंतर पश्चिमेकडच्या इतर काही शहरांनीही आपले नियम गुंडाळले किंवा थांबवले. पूर्वेकडे मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइन या गावाचा असाच नियम २०२० मध्येच राज्याच्या कायद्याशी विसंगत ठरला होता. ॲरिझोना राज्याने २०२० मध्ये गॅसजोडणी रोखण्याचा शहरांचा अधिकारच काढून घेतला. पुढे वीसहून अधिक राज्यांनी तोच मार्ग धरला.

न्यूयॉर्क शहराच्या २०२१ च्या कायद्याने पाइपचा विषयच टाळला. नव्या इमारतींत जळणाऱ्या इंधनाच्या कार्बन उत्सर्जनावर त्याने मर्यादा घातली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने बर्कलीच्या निकालातला अर्थ नाकारून हा कायदा उचलून धरला. संघीय कायदा तोच, शब्द तेच, निकाल उलटे.

सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात आता वाट धुरातून काढली आहे. २०२३ च्या तिथल्या नियमानुसार नायट्रोजन ऑक्साइड हा हवा बिघडवणारा वायू सोडणारे नवे घरगुती गिझर २०२७ पासून टप्प्याटप्प्याने विक्रीतून बाद व्हायचे आहेत, आणि हा नियम हवेच्या शुद्धतेच्या अधिकारात केलेला आहे.