तुमच्या कामाचं डिझाइन आम्ही कसं आखतो

शिरोलीहून कुणी मशीनचा तुटलेला शाफ्ट (फिरणारा दांडा) पोत्यात गुंडाळून आणतं. कागलहून कुणी महिन्याला हजार नग ओतायच्या हाउसिंगची (मशीनच्या भागांभोवतीच्या कवचाची) चौकशी करतं. दोघंही आधी हेच विचारतात, "ड्रॉइंग कधी मिळेल?" उत्तर मात्र दोघांना वेगळं द्यावं लागतं.

गरज समजून घेणं, पर्याय काढणं, हिशेब, ड्रॉइंग, तपासणी, नमुना, चाचणी, या डिझाइनच्या नेहमीच्या पायऱ्या. कुठल्या पायरीवर किती दिवस घालवायचे, ते कामागणिक बदलतं.

हजार नगांचं कास्टिंग असेल तर आम्ही ड्रॉइंगची घाई करत नाही. धातूचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घडवतात तो नमुना, एकदा बनला की बदल महागात पडतो. म्हणून कच्च्या स्केचवरच फौंड्रीवाल्यांना बोलावतो. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे मीटरभर लांबीमागे १० मिमी. पॅटर्न तेवढा मोठा धरतात. पातळ भिंतीला एकदम जाड गोळा जोडला, तर तो सगळ्यात शेवटी थिजतो आणि आत पोकळी राहण्याचा धोका असतो. ही गोष्ट कागदावर दुरुस्त करायला अर्धा तास लागतो, मशीनिंगला गेल्यावर कळलं तर अख्खी हीट, म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेला सगळा माल, वाया जाते.

गुऱ्हाळाच्या घाण्याचा एकच शाफ्ट हवा असेल, तर एवढा पसारा लागत नाही. तिथे वेळ महत्त्वाचा, कारण तोडलेला ऊस थांबत नाही. पर्याय काढत बसणं आम्ही गाळतो. मापं घेणं मात्र गाळत नाही. ही शिकवण आम्हाला आमच्याच चुकीतून मिळाली. एकदा घाईत झिजलेल्या शाफ्टचं माप जसंच्या तसं ड्रॉइंगवर घेतलं, ३९.६ मिमी. बेअरिंग होतं ६२०८ नंबरचं, ज्याचं भोक ४० मिमी. नवा शाफ्ट झीज घेऊनच जन्माला आला आणि बेअरिंग त्यावर सैल फिरू लागलं. शाफ्ट आम्ही आमच्या खर्चानं पुन्हा केला, पण गिऱ्हाइकाचे दोन दिवस गेले ते गेलेच. तेव्हापासून जुना पार्ट आला की आधी त्याला जोडलेले पार्ट मागतो.

काम केवढंही असो, दोन गोष्टी सोडत नाही. ड्रॉइंग करणाऱ्यानं स्वतःचं ड्रॉइंग तपासायचं नाही, दुसऱ्यानं पाहायचं. आणि बदल झाला की रिव्हिजन नंबर बदलायचा, जुनी प्रत वर्कशॉपमधून परत घ्यायची. फोनवर सांगितलेला बदलही आम्ही लिहून पाठवतो आणि तुमचा होकार आल्यावरच पुढे जातो. याचा काहींना त्रास वाटतो, तरी आम्ही यात सूट देत नाही.

पहिल्या भेटीला येताना मोडलेला पार्ट न पुसता आणा, तुटलेली कड बरंच सांगते. त्याचा जोडीदार पार्ट, मशीनच्या मोटरवरच्या माहितीच्या प्लेटचा फोटो, वर्षाला किती नग लागतील याचा अंदाज आणि मशीन बंद ठेवायला किती दिवस मिळतील, एवढं सोबत असलं की कुठली पायरी ठेवायची नि कुठली गाळायची हे त्याच बैठकीत ठरवता येतं.