कॉफीची लागवड आणि प्रक्रिया

कॉफी म्हणजे रुबिएसी, म्हणजेच आपल्या कदंबाच्या कुळातील एका सदाहरित झुडपाच्या फळातले बी. बाजारातली जवळजवळ सगळी कॉफी अरेबिका आणि रोबस्टा या दोन जातींची असते. अरेबिका थंड डोंगराळ हवेतली, सुवासिक, किंचित आंबटसर आणि रोगाला लवकर बळी पडणारी. रोबस्टा काटक आणि कडवट. तिच्यात कॅफीनही जवळजवळ दुप्पट. अरेबिकाचे मूळ इथिओपियाच्या डोंगरी जंगलांत आहे, पण तिची लागवड रुजली ती येमेनमध्ये. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी साधूने हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. आज उत्पादनात ब्राझील पहिला आणि व्हिएतनाम दुसरा आहे. भारतातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते.

कर्कवृत्त ते मकरवृत्त हा कॉफीचा पट्टा मानतात. इंदूर सुमारे २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे या पट्ट्याच्या आतच आहे. तरीही माळव्यात कॉफीचे मळे नाहीत, आणि ते का नाहीत हे पाहिले की झाडाच्या गरजा नीट कळतात. अरेबिकाला साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअसची हवा मानवते. इंदूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो. तिला वर्षाला दीड ते दोन हजार मिलिमीटर पाऊस हवा. इथे हजाराच्या आसपास पडतो, तोही चार महिन्यांत. पण खरी अडचण जमिनीची आहे. माळव्याची काळी माती गव्हा-सोयाबीनला उत्तम, मात्र पावसाळ्यात ती पाणी धरून बसते. कॉफीच्या मुळांना साचलेले पाणी चालत नाही. तिला उताराची, निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी जमीन लागते. इंदूरकरांना त्यातल्या त्यात जवळची कॉफी सातपुड्यात, चिखलदऱ्याला सापडते. सुमारे १,१०० मीटर उंचीमुळे तिथली हवा थंड राहते.

भारतात कॉफी सावलीत वाढते : वर सिल्व्हर ओक आणि फणस, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल, खाली कॉफी. ब्राझीलमधले बहुतेक मळे उघड्या उन्हात असतात. तिथे यंत्राने तोडणी जमते, पण थंडीचा फटका थेट बसतो. जुलै १९७५ मध्ये हिमदाहाने पराना राज्यातले मळे करपले आणि जगभर भाव भडकले. सावलीतल्या मळ्याचे उत्पन्न कमी भरते हे खरे, पण तो माती धरून ठेवतो आणि पाखरांना आसरा देतो. सह्याद्रीच्या उतारावर तीच पद्धत टिकायला हवी. रोगांत सर्वांत विध्वंसक तांबेरा. गव्हावरच्या तांबेऱ्याच्या नात्यातल्या या बुरशीने १८६९ पासून श्रीलंकेतली कॉफी हळूहळू संपवली आणि तिथले मळेवाले चहाकडे वळले.

पुढचे सगळे पाण्याच्या वेळेवर ठरते. कळ्या तयार होऊन मार्च-एप्रिलच्या वळवाची वाट पाहत थांबतात. चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत सगळा मळा एकदम पांढरा फुलतो आणि मोगऱ्यासारखा दरवळतो. दोन-तीन दिवसांत बहर ओसरतो. वळीव चुकला तर तुषार सिंचनाने पाणी द्यावे लागते. फळ पिकायला अरेबिकाला आठ-नऊ महिने, रोबस्टाला त्याहून जास्त लागतात. एका फांदीवर हिरवी आणि लाल फळे एकत्र असतात. म्हणून चांगल्या मळ्यात मजूर फक्त लाल फळ खुडतात आणि त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा येतात.

तोडल्यानंतर फळाचा गर आणि साल केव्हा काढायची, यावर चव फार अवलंबून असते. कोरड्या पद्धतीत अख्खी फळे खळ्यावर वाळवतात. बी गराच्या सहवासात राहते, त्यामुळे कॉफी दाट आणि फळाच्या गोडीकडे झुकणारी होते. फळे दिवसभर वरखाली करतात, रात्री दवापासून झाकतात. मूठभर फळे कानाशी हलवली आणि आत बी खडखडले की ती वाळली. धुतलेल्या पद्धतीत पल्परमधून साल काढून बी टाकीत आंबवतात. बीवरचा चिकट थर सुटला का, हे हाताने पाहतात : मूठ चोळल्यावर बुळबुळीत न लागता खडबडीत लागली की लगेच धुवायचे. उशीर झाला तर आंबूस वास बीत मुरतो. ही कॉफी स्वच्छ, आंबटसर चवीची होते, पण तिला पाणी भरपूर लागते आणि सांडपाणी ओढ्यात सोडले तर ओढा मरतो. कोस्टारिकातली ‘हनी’ पद्धत मधली : साल काढायची, चिकट थर ठेवून वाळवायचे. सुमात्रात दमट हवेमुळे बी ओलसर असतानाच टरफल काढतात.

आपल्या किनाऱ्याची ‘मान्सून्ड मलबार’ या सगळ्यांहून वेगळी. कोरड्या पद्धतीची कॉफी पावसाळ्यात मंगळूरच्या बाजूच्या उघड्या गोदामांत पसरतात. दमट वाऱ्याने बी फुगते, पिवळट होते आणि आंबटपणा जवळपास जातो. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन्‌महिने ओल खाल्लेल्या कॉफीची चव तिकडे रुजली होती. जहाजे वेगवान झाल्यावर ती मुद्दाम घडवावी लागली.

वाळलेले बी सोलून, आकार आणि दोष पाहून निवडतात, मग भाजतात. हिरवे बी महिनोन्‌महिने टिकते, भाजलेले काही आठवडे, दळलेले त्याहून कमी. इंदूरच्या मराठी घरांत जायफळ घातलेली दुधाची कॉफी होते, तिला महाग अरेबिका घेऊ नये. जायफळ तिचा नाजूक सुवास झाकून टाकते. दाट रोबस्टा तिथे जास्त शोभते. मिश्रण घेताना पाकिटावरचे चिकोरीचे प्रमाण वाचावे. चिकोरी ही भाजलेली मुळी, तिच्यात कॅफीन नसते, आणि भारतीय नियमांनुसार मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते.