विनामूल्य कामाचा हिशेब आम्ही कसा ठेवतो : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरात किंवा दुकानात पाणी शिरल्यानंतर ते पंपाने उपसणे, भिंती व लाकूडकाम वाळवणे आणि गटाराचे पाणी आले असल्यास जागा जंतुनाशकाने धुऊन काढणे, हे आमच्या भागीदारी फर्मचे काम आहे. दर पावसाळ्यात मुंबईतल्या हिंदमाता, कुर्ला आणि मिलन सबवेच्या परिसरातील काही चाळींतल्या खोल्या, बालवाड्या व वाचनालये यांच्यासाठी आम्ही हेच काम एकही रुपया न घेता करतो. अशा वेळी ‘बिल का देत नाही?’ असे विचारले जाते. आणि पूर्ण पैसे भरणाऱ्या ग्राहकांना या कामाचा भार आपल्या दरावर पडतो की काय, अशी रास्त शंका येते. दोन्हींची उत्तरे आमच्या वहीत आहेत, आणि ती ग्राहकांना माहीत असावीत असे आम्हांला मनापासून वाटते.

समजा, तळमजल्यावरच्या एका बालवाडीत गुडघाभर पाणी आले. पाणी ओसरल्यावर भिंतीला ओल चढलेली असते, कपाटाच्या खालच्या कप्प्यातले प्लायवुड फुगून सनमायका सुटलेला असतो आणि लाद्यांच्या सांध्यांत काळा गाळ बसलेला असतो. दोन कामगार तीन दिवस तेथे राबतात आणि रोज सकाळी भिंतीवरच्या त्याच खुणांवर मॉइश्चर मीटर, म्हणजे ओलावा मोजणारे यंत्र, लावून आकडा लिहितात. नेहमीच्या दराने या कामाचे १८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,२४० रुपये झाले असते. आमच्याकडून प्रत्यक्ष गेले ते मजुरीचे ५,४००, जंतुनाशकाचे १,२०० आणि टेम्पोचे १,५००, म्हणजे ८,१०० रुपये.

वहीत फक्त हे ८,१०० रुपये येतात. जे पैसे मिळालेले नाहीत आणि मिळणारही नाहीत, ते उत्पन्न म्हणून लिहिता येत नाहीत. एका बाजूला १८,००० रुपये उत्पन्न आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच दान दाखवले, तर खाते वरवर जुळते. परंतु आयकरात ८०जी या नावाने परिचित असलेली वजावट पैशाच्या रूपात दिलेल्या दानालाच मिळते, वस्तू किंवा सेवेच्या दानाला मिळत नाही. त्यामुळे दानाची बाजू नाकारली जाते, न मिळालेल्या रकमेवर आयकर भरावा लागतो आणि उलाढालही खोटी फुगते. सुरुवातीच्या वर्षी आम्ही हीच चूक केली होती आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी आमच्या सनदी लेखापालांनी ती दुरुस्त करून घेतली.

हे ८,१०० रुपयेही आम्ही धंद्याच्या खर्चात ठेवत नाही. भागीदारांची भांडवल खाती नावे आणि मजुरी, साहित्य व वाहतूक ही खाती जमा, अशी नोंद रोजकीर्दीत त्याच आठवड्यात केली जाते, म्हणजे हा खर्च भागीदारांच्या वाट्यातून जातो. पैसे भरणाऱ्या ग्राहकाचा दर ठरवताना जो खर्च धरला जातो, त्यात तो नसतो. या कामात वापरलेल्या साहित्यावरचे इनपुट टॅक्स क्रेडिटही, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही, आम्ही घेत नाही. भागीदाराच्या पत्नी, पती किंवा मुलांच्या जागेतले काम मात्र दानात धरले जात नाही. संबंधित व्यक्तीला धंद्याच्या ओघात दिलेली सेवा मोबदल्याविनाही करपात्र ठरते. म्हणून तेथे रीतसर बिल केले जाते.

विनामूल्य काम संपल्यावर आम्ही बिलाऐवजी सेवादान पत्र देतो. त्यात पत्ता, तारखा, कामगारांचे तास, वापरलेले साहित्य आणि मॉइश्चर मीटरच्या नोंदी असतात, रक्कम नसते. विमा कंपनीकडे दाखवण्यासाठी रकमेचे बिल द्यावे, अशी विनंती कृपया करू नये. विमा प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची भरपाई करतो आणि न झालेल्या खर्चाचे बिल जोडल्यास मूळ दावाही अडचणीत येतो. विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला दाखवण्यासाठी छायाचित्रे व ओलाव्याच्या नोंदी आम्ही आनंदाने देऊ. नवे प्लायवुड आपण स्वतः विकत घेतले असल्यास त्या दुकानाचे बिल जपून ठेवावे.

एखाद्या सार्वजनिक न्यासाला दुरुस्तीसाठी निधी मंजूर झालेला असेल, तर आम्ही खरे बिल देतो आणि रक्कम धनादेशाने घेतो. पुढे आम्हांला त्या न्यासाला देणगी द्यावीशी वाटली तर ती स्वतंत्रपणे, बँकेमार्फत देतो आणि देणगीचे प्रमाणपत्र घेतो, कारण २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला वजावट मिळत नाही. बिल आणि देणगी यांची एकमेकांशी अट कधीही घातली जात नाही.

सेवादान पत्राच्या दोन प्रती काढल्या जातात. कामाच्या शेवटच्या दिवशी, जागा पाहून झाल्यावरच दोन्हींवर सही करावी. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. आमची प्रत त्यांच्यासोबतच ठेवलेली असते. आपली प्रत भिजली किंवा हरवली, तर तोपर्यंत ती कार्यालयातून विनामूल्य मिळेल.