किझु (जुन्या जपानी तलवारीतले दोष)

किझु म्हणजे जपानी तलवारीच्या पात्यातला दोष, शब्दशः जखम किंवा व्रण. जुनी कताना (लांब तलवार), वाकिझाशी (आखूड तलवार) किंवा तांतो (खंजीर) विकत घेताना किंमत बरीचशी यावरच ठरते, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो कारण तो डाग मोजत बसतो. दोष किती यापेक्षा कुठे आहे, कशामुळे आलाय आणि पातं किती जुनं आहे हे बघायचं असतं. कामाकुरा काळातल्या सातशे वर्षं जुन्या पात्यावर पोलादाच्या थरांमधली बारीक फट चालून जाते, तीच फट एकोणिसाव्या शतकातल्या पात्यावर दिसली तर भाव चांगलाच उतरतो.

मुळात हे पातं बनतं कसं ते माहीत हवं. तामाहागाने नावाचं पोलाद घड्या घालघालून ठोकतात, मग पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ माती लावून तापवतात आणि पाण्यात बुडवतात. आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो तेच तत्त्व, फक्त इथे मातीमुळे धार झटकन गार होऊन कडक होते, पाठ मऊ राहते, आणि दोन्हींच्या सीमेवर पांढुरकी रेघ उमटते ती हामोन. हा कडक झालेला भाग म्हणजेच तलवारीचा जीव. तिथला दोष नंतर भरून काढता येत नाही.

म्हणून सगळ्यात वाईट दोष हा-गिरे. हा म्हणजे धार, आणि गिरे म्हणजे चीर. धारेला काटकोनात, हामोनच्या आत जाणारी ही चीर पाणी देतानाच्या ताणाने किंवा नंतर पातं वाकल्याने, आदळल्याने पडते. केसापेक्षा बारीक असते, फोटोत तर बहुतेक वेळा दिसतच नाही. खोलीत एकच पिवळा बल्ब ठेवायचा, पातं त्याच्याकडे रोखून धरायचं आणि हळूहळू फिरवत धारेवरून प्रकाश सरकू द्यायचा, मग सलग चमक चालली असताना मध्येच एक काळा दोरा आडवा आला की थांबायचं. बाजू उलटून तिथेच परत बघायचं. धार नुसती खरचटली असेल तर ते पॉलिशमध्ये जातं, हा-गिरे जात नाही, आणि तो असेल तर बाकी पातं कितीही देखणं असो, माझ्या मते घेऊच नये.

तितकंच गंभीर म्हणजे टोकाकडची बोशी (हामोनचा टोकातला भाग) नसणं. टोक तुटलं, कोणीतरी घासून नवं केलं आणि कडक पोलाद निघून गेलं असं त्यात झालेलं असतं. साइहा म्हणजे आगीत सापडून पाणी उतरलेल्या पात्याला परत पाणी देणं. मुठीजवळून तिरकी वर जाणारी धुरकट छटा, मिझुकागे, ही त्याची खूण मानतात, पण होरिकावा कुनिहिरो या नामांकित कारागिराच्या अस्सल पात्यांतही ती असते, त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊ नये. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा जळालेली इचिगो हितोफुरी ही प्रसिद्ध तलवार यासुत्सुगु या कारागिराने परत पाणी देऊन उभी केली आणि ती आज जपानच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे! अर्थात तिचा इतिहास तिच्यासोबत आहे, दुकानातल्या अनोळखी पात्याला ती सूट मिळत नाही.

बाकीचे दोष सोसता येतात. फुकुरे म्हणजे आत हवा किंवा मळ राहून आलेला फोड, तो फुटला की खळगा पडतो, कधी त्यावर पोलादाचं ठिगळ बसवतात त्याला उमेगाने म्हणतात. वारंवार पॉलिश होऊन वरचं चांगलं पोलाद झिजलं आणि आतलं भरड पोलाद डोकावू लागलं की पातं थकलं म्हणतात, जपानीतही शब्द तोच, त्सुकारे. आणि पाठीवर दुसऱ्या तलवारीचा वार बसल्याची खाच, किरिकोमी, ती तर मानाने मिरवतात, पॉलिश करणाराही ती ठेवतो.

मुठीत जाणारा भाग, नाकागो, कधीही घासू नये. त्यावरचा गडद गंज हाच वयाचा पुरावा, तो गेला की किंमत गेलीच. तिथे कोरलेली सही खोटी असणं याला गिमेई म्हणतात आणि नामांकित कारागिरांच्या बाबतीत ते फार आहे, कोतेत्सु या कारागिराची सही दिसली तर आधी खोटीच समजा असं जपानात म्हणतात.

कागदांचाही घोळ होतो. तोरोकुशो हा नुसता नोंदणीचा कागद, दर्जाचा नाही. तज्ज्ञांचा निर्वाळा वेगळा, तो १९४८ मध्ये स्थापन झालेल्या निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाईसारख्या संस्था देतात. गंजलेलं पातं स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी आधी जाणत्या पॉलिशवाल्याकडून एक छोटी जागा पॉलिश करून उघडून घ्यावी, कारण गंजाखाली हा-गिरे लपलेला असू शकतो आणि साध्या पात्याला पॉलिशचा खर्च बऱ्याचदा नाकापेक्षा मोती जड होतो.