परवाना एक, जागा अनेक: सोलापूरच्या दारूविक्रेत्यांची पार्श्वभूमी

सोलापुरात दारूचा विषय निघाला की 1930 टाळता येत नाही. त्या मे महिन्यात, मार्शल लॉ लागण्याच्या काही दिवस आधी, जमाव रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची, म्हणजे ज्यांच्या रसापासून मादक पेय होते ती झाडे तोडायला गेला आणि पुढे गोळीबार झाला. ती हकिगत इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असते. विक्रेत्यांच्या दृष्टीने तिचा परिणाम एवढाच, की या शहरात दुकानाविरुद्धच्या मोर्चाला आयती वंशावळ मिळते. दुकानदाराच्या पाठीशी असा कोणताच इतिहास नाही.

1949 च्या दारूबंदी कायद्याने धंदाच संपवला होता. तो कायदा कधी रद्द झाला नाही. सवलती देत देत त्यातूनच वाट काढली गेली. म्हणून कागदोपत्री पिणाऱ्यालाही परवाना लागतो, पाच रुपयांचे एक दिवसाचे परमिट हे त्याचेच रूप. देशी दारूचे नियम 1973 चे. त्याच सुमारास वाईन शॉप आणि देशी दुकानांचे नवे परवाने देणे सरकारने थांबवले. दारूविक्रेत्यांच्या संघटनेला अर्थ आला तो या निर्णयामुळे. राज्यातली वाईन शॉप सुमारे 1,700 वर थांबली आणि हातातल्या परवान्याला सोन्याचा भाव आला. परमिट रूम आणि बिअर शॉपीला मात्र नवे परवाने मिळत राहिले. एकाच बैठकीत बसणाऱ्या या मंडळींचे हित तेव्हापासूनच वेगळे होते.

शहर हलले, परवाना हलेना. गिरण्या बंद पडल्या, वस्ती विजापूर रोड, होटगी रोडकडे पसरली. गिऱ्हाईकामागे जायचे तर स्थलांतराचा अर्ज, शाळा-मंदिरापासूनचे अंतर, वर रहिवाशांचा विरोध. नूतनीकरण, नोकरनामे (दुकानातल्या नोकरांची परवानगी), ड्राय डे ही कामे त्यापुढे किरकोळच.

हे समजून घेतल्याशिवाय 2016-17 मधला हलकल्लोळ कळत नाही. 15 डिसेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. अंमल 1 एप्रिल 2017 पासून, म्हणजे परवान्याचे नवे वर्ष सुरू होते त्याच दिवशी. हेतू अपघात रोखण्याचा, त्यावर वाद नव्हता. वाद मोजपट्टीचा होता. सोलापूर हे महामार्गांच्या चौफुलीवरचे गाव. पुणे-हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट अशा रस्त्यांपासून 500 मीटर सोडले तर उरते काय? जे उरते तिथे शाळा, मंदिर, दाट वस्ती. परमिट रूमवाल्यांना आशा होती की आदेश फक्त दुकानांपुरता आहे, आपल्याकडे तर गिऱ्हाईक बसून पिते. 31 मार्चला, अंमलाच्या आदल्याच दिवशी, तीही मावळली: बार, हॉटेल सगळेच आत. वीस हजारांपर्यंतच्या लोकवस्तीच्या गावांना अंतर 220 मीटरवर आणले गेले, एवढीच सूट. राज्यातल्या सुमारे 25 हजार परवान्यांपैकी 15 हजारांहून अधिक या तडाख्यात सापडले.

रस्त्याचा दर्जा बदलून घ्यायचा, म्हणजे महामार्गाचा तुकडा पालिकेच्या नावावर करायचा, हा मार्ग अनेक राज्यांत चोखाळला गेला. टीकाकारांनी त्याला पळवाट म्हटले, आणि ती होतीही. पण शहराच्या पोटातून जाणारा रस्ता, ज्यावर रिक्षा आणि भाजीच्या गाड्यांची गर्दी असते, त्याला महामार्ग मानून दुकान बंद करणे हेही तितकेच कागदी होते. जुलै 2017 मध्ये न्यायालयाने पालिका हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश लागू नसल्याचे स्पष्ट केले आणि शहराने सुटकेचा श्वास सोडला. टेंभुर्णीसारखे महामार्गावरचे, पण ग्रामपंचायतीचे गाव लटकलेलेच राहिले. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने ग्रामपंचायत हद्दीचा निर्णय राज्यांवर सोपवला, तेव्हा कुठे तिथली वाट मोकळी झाली. मधल्या काळात भाडे, पगार, शुल्क कुणी सोसले, याचा हिशेब कोणत्याही निकालात नाही.

वैध दुकान बंद झाले की हातभट्टीचे फावते, हा विक्रेत्यांचा जुना युक्तिवाद. सोयीचा आहे, पण हातभट्टीसाठी ओळखला जाणारा सोलापूरजवळचा मुळेगाव तांडा माहीत असलेला माणूस तो सहज झटकणार नाही. तिथली भट्टी सोडवण्यासाठी ग्रामीण पोलिसांना 2021 मध्ये छाप्यांच्या जोडीला पर्यायी रोजगाराची मोहीम हाती घ्यावी लागली.

2025 मध्ये तेढ घरातच आली. जूनमध्ये विदेशी मद्याचे उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर गेले आणि 14 जुलैला राज्यभर परमिट रूम बंदची हाक दिली गेली. शुल्कवाढीवर उत्पादक आणि विक्रेते एका सुरात बोलत होते. त्याच सुमारास 41 उत्पादकांना प्रत्येकी आठ, असे 328 नवे वाईन शॉप परवाने देण्याचा प्रस्ताव चर्चेत आला. पन्नास वर्षे गोठलेला आकडा हलणार, तोही माल पुरवणाऱ्यांच्याच हाती, म्हटल्यावर दुकानदार बिथरले. विधिमंडळाला विश्वासात घेतल्याशिवाय नवे परवाने देणार नाही, असे सरकारने तेव्हा सांगितले.