निर्वासित गरोदर महिलांसाठी नोंदणी, तपासणी आणि बाळाचा जन्मदाखला

आधी एक गोष्ट, कारण ती न कळल्याने जीव धोक्यात येतो: निर्वासित म्हणून नोंदणी व्हायची असली तरी गरोदरपणाची तपासणी थांबवू नका. रक्तस्राव, झटके, जोराच्या डोकेदुखीसोबत धूसर दिसणं, ताप, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही जाणवलं तर कागद शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

नोंदणी काही देशांत सरकार करतं, काही ठिकाणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, म्हणजे यूएनएचसीआर. आश्रय मागणाऱ्या कुणालाही ती करता येते. पासपोर्ट, ओळखपत्र, लग्नाचा किंवा मुलांचा जन्मदाखला, जुने तपासणीचे कागद, यांतलं जे हाती असेल ते मूळ प्रतीत न्या. पळून येताना सगळं मागे राहिलं असेल तरी जा. तोंडी माहितीवरही नोंद सुरू होते. गरोदर असल्याचं मात्र स्वतःहून सांगा. लाजेपोटी किंवा भीतीपोटी अनेकजणी हे सांगत नाहीत, आणि मग विशेष गरजेच्या यादीत त्यांचं नाव येत नाही. मुलाखतीला महिला अधिकारी आणि महिला दुभाषी मागता येते. यूएनएचसीआरच्या कोणत्याही सेवेला पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर तक्रार करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या शिफारशीनुसार गरोदरपणात किमान 8 वेळा तपासणी व्हावी, त्यातली पहिली 12 आठवड्यांच्या आत. रक्तदाब, हिमोग्लोबिन, एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी, धनुर्वाताची लस, लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या हे त्यात येतं. मिळालेलं कार्ड सतत जवळ ठेवा. छावणी बदलली तर नवीन डॉक्टरांना मागचं सगळं त्यावरूनच कळतं. बाळंतपण कुठे होणार आणि रात्री गाडी कोण देणार, हे शेवटच्या महिन्याआधीच विचारून ठेवा.

बाळ जन्मल्यावर दवाखान्यातून जन्माची सूचना मिळते. तो जन्मदाखला नव्हे. ती घेऊन स्थानिक जन्मनोंदणी कार्यालयात ठरलेल्या मुदतीत जावं लागतं, म्हणून घरी सोडतानाच मुदत विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील कलम 7 प्रमाणे जन्मानंतर लगेच नोंद होणं हा प्रत्येक बाळाचा हक्क आहे, आईचे कागद अपुरे असले तरीही. जन्मदाखल्याने नागरिकत्व आपोआप मिळत नाही, पण बाळ कुठे आणि कुणाच्या पोटी जन्मलं याचा तोच पुरावा असतो. त्याची प्रत देऊन कुटुंबाच्या निर्वासित नोंदीतही बाळाचं नाव चढवून घ्या.